कुत्र्यांच्या जातींवर बंदी आणि चावण्याआधीचं वर्ष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेजाऱ्यांनी रॉटवायलर आणला आहे, तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, इमारतीतल्या काही जणांनी 'धोकादायक' जातींची यादी करून त्यांच्यावर बंदी घालण्याची मागणी लिहिली आहे, आणि त्या कागदावर सही करावी की नाही हे तुम्हाला कळत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "कुत्र्यांचे डॉक्टर नेहमी कुत्र्याचीच बाजू घेतात." हे वाक्य मला लागलं, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

मी २६ वर्षं पशुवैद्य आहे. गेली १४ वर्षं माझ्याकडे प्रामुख्याने माणसांना चावलेली कुत्री तपासणीसाठी येतात. का चावला, पुन्हा चावेल का, घरात ठेवता येईल का, एवढं मला ठरवायचं असतं. काहींच्या बाबतीत मी 'याला आता जगवू नये' असं लिहून दिलं आहे आणि ते इंजेक्शन स्वतःच्या हाताने दिलं आहे. गालावर टाके पडलेली मुलं समोरच्या खुर्चीत बसलेली मी पाहिली आहेत. तेव्हा मी कोणाची बाजू घेते आहे हे पूर्ण वाचून ठरवा.

माझं उत्तर: त्या कागदावर सही करू नका. पण तुमची भीती खरी आहे, आणि "कुत्रा कधीच वाईट नसतो, मालक वाईट असतो" हे कुत्रावाल्यांचं पेटंट वाक्य मला मान्य नाही.

ते का मान्य नाही, हे आधी सांगायला हवं. पन्नास किलोचा रॉटवायलर आणि पाच किलोचा पॉमेरेनियन या दोघांनाही राग येतो, पण रागाचा परिणाम सारखा नसतो. चाव्यांची तीव्रता मोजायला आम्ही पशुवैद्य इयन डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतो. पहिल्या पायरीवर कुत्रा हवेतच दात आपटतो, दुसऱ्या पायरीवर दात लागतात पण कातडी फुटत नाही. तिसऱ्या पायरीवर सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ जखम, चौथ्यावर त्याहून खोल, पाचव्यावर असे खोल चावे एकापेक्षा जास्त, आणि सहाव्यावर मृत्यू. लहान कुत्रा चौथ्या पायरीवर पोचला तरी मोठं माणूस त्याला उचलून बाजूला करू शकतं. मोठ्या ताकदीचा कुत्रा चौथ्यावर पोचला, की पाचवीपर्यंत जायला त्याला काही सेकंद लागतात आणि मधे पडणाऱ्याचेही हात फाटतात. अमेरिकेतल्या ट्रॉमा सेंटरांच्या काही अभ्यासांत पिटबुल म्हणून नोंद झालेल्या कुत्र्यांच्या जखमा इतरांपेक्षा गंभीर आढळल्या आहेत. १९७९ ते १९९८ या काळात अमेरिकेत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या मृत्यूंचा जो आढावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २३८ मृत्यूंमध्ये २५ जातींची नावं होती, पण निम्म्याहून जास्त मृत्यू पिटबुलसारखी कुत्री आणि रॉटवायलर यांच्या नावावर होते. हे आकडे लपवणारा माणूस प्रामाणिक नाही.

जातीचा स्वभावाशी काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. पॉइंटर हा शिकारी कुत्रा शिकवल्याशिवाय पाय उचलून पक्षी दाखवतो, कोली मुलांना गोल फिरवून एका जागी गोळा करतो. कांगल किंवा कॉकेशियन शेफर्ड ही कुत्री शतकानुशतकं मेंढ्यांच्या राखणीसाठी निवडली गेली, अनोळखी माणूस आणि लांडगा यांना स्वतःच्या मनाने अडवण्यासाठी. असा कुत्रा चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर राहायला आणला, तर रोज वीस अनोळखी माणसं त्याच्या 'कुरणातून' जातात. तो बिघडलेला नसतो. जे काम त्याच्या रक्तात आहे तेच करत असतो, फक्त जागा चुकलेली असते. पिटबुलचा इतिहास वेगळा. बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला, मग लोक कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले आणि बुलडॉग-टेरियर संकरातून हे कुत्रे पुढे आले. त्यांची निवड दुसऱ्या कुत्र्याशी लढण्यासाठी झाली. म्हणून त्यांच्या बाबतीत माणसांपेक्षा दुसऱ्या कुत्र्यांबद्दलची असहिष्णुता जास्त दिसते, आणि एकदा पकडलं की सोडायचं नाही ही वृत्तीही. (त्यांचा जबडा 'लॉक' होतो, ही मात्र दंतकथा. कवटीत तसली कुठलीच कळ नसते. तो सोडत नाही, कारण त्याला सोडायचं नसतं.)

मग इतकं सगळं मान्य करून मी यादीच्या विरोधात का? कारण यादी करायला बसलात की पहिलाच प्रश्न अडतो: समोर उभा असलेला कुत्रा कुठल्या जातीचा, हे कोण ठरवणार आणि कशावरून?

ब्रिटनचं उदाहरण घ्या, कारण त्यांनी हे खूप वर्षं करून पाहिलं आहे. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टमध्ये चार नावं होती: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. कायद्यात शब्द होता 'टाइप', म्हणजे त्या धाटणीचा कुत्रा. १९९३ मध्ये तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केलं की 'टाइप' हा 'ब्रीड'पेक्षा व्यापक शब्द आहे, आणि पिटबुलच्या ठरलेल्या लक्षणांपैकी बरीचशी जुळली तर कुत्रा त्या धाटणीचा धरला जाईल. आईवडील कोण, वागणूक कशी, याने फरक पडत नाही. शिवाय कुत्रा त्या धाटणीचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. मग अधिकारी मोजपट्टी घेऊन येतो: डोक्याची रुंदी, थूथन (नाक-तोंडाचा पुढचा भाग) आणि कवटी यांचं प्रमाण, छातीचा आकार, शेपटीची जाडी. २०२३ मध्ये एक्सएल बुली हा थोराड कुत्रा यादीत आला तेव्हा नराची उंची खांद्याच्या उंचवट्याशी ५१ सेंटिमीटर आणि मादीची ४८ सेंटिमीटर ही किमान मर्यादा ठरली. एकाच आईची दोन नर पिल्लं, मोठी झाल्यावर एक ५२ सेंटिमीटर, दुसरं ५०. एकाला आयुष्यभर मुसकं, दुसरं मोकळं. उंचीचा हा निकष काहीच सांगत नाही असं नाही, ताकदीचा अंदाज देतो. पण मग निकष ताकदीचा लावा ना! त्याला जातीचं नाव कशाला?

माझ्याकडचाच एक प्रसंग. तपकिरी, रुंद डोक्याचा, आखूड केसांचा एक कुत्रा. घरमालकाने भाडेकरूकडे जातीचा दाखला मागितला होता. लसीकरणाच्या कार्डावर तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या जाती लिहिल्या होत्या. पहिली नोंद माझ्या अक्षरात होती, कुत्रा चार महिन्यांचा असतानाची, 'पिटबुल क्रॉस'. डोकं रुंद दिसलं आणि मी लिहून मोकळी झाले. डीएनए तपासणीत बॉक्सर निघाला, लॅब्राडोर निघाला आणि बाकी चार-पाच जातींची सरमिसळ निघाली. बुल टेरियर कुळातलं काही नव्हतं. माझ्या त्या दोन शब्दांमुळे त्या कुटुंबाला घर सोडावं लागलं असतं. त्या दिवसापासून कागदपत्र नसलेल्या कुत्र्याच्या कार्डावर मी 'मिश्र' एवढंच लिहिते.

ही चूक माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत प्राणी-निवाऱ्यांतल्या अनुभवी कर्मचाऱ्यांना १२० कुत्री दाखवून जाती विचारल्या. किमान एका कर्मचाऱ्याने ५२ टक्के कुत्र्यांना पिटबुल धाटणीचं म्हटलं. डीएनएमध्ये २१ टक्क्यांतच तो वारसा सापडला. आता मघाच्या मृत्यूंच्या आकड्यांकडे परत बघा. त्यांतल्या बऱ्याचशा जाती बातमीदाराने, पोलिसाने किंवा घाबरलेल्या साक्षीदाराने सांगितलेल्या. त्या आकड्यांना अर्थच नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या पायावर एखाद्याचा कुत्रा मारायचा किंवा घर काढून घ्यायचं, तो पाया एवढा भुसभुशीत चालणार नाही.

स्वभावाबद्दलही तेच. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि त्यांतल्या दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजत होता. माणसाचं ऐकण्याची तयारी वगैरे गोष्टींत जात थोडंफार सांगत होती, पण कुत्रा किती चटकन चिथावला जातो याबाबत जवळपास काहीच नाही. या अभ्यासाला मर्यादा आहेत. मालकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्या आहेत, आणि जीवघेणे हल्ले इतके विरळ असतात की अशा पाहणीत ते सापडतच नाहीत. तरी माझ्या तपासणीच्या टेबलावर मी जे पाहते त्याच्याशी हे जुळतं. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्याने यादीतल्या जातींच्या कुत्र्यांना स्वभावचाचणी सक्तीची केली होती. तीच चाचणी नंतर गोल्डन रिट्रीव्हरांना लावून पाहिली. नको तिथे आक्रमक होणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे इतकं जवळजवळ होतं की फरक सांख्यिकीत टिकला नाही. त्या राज्याने पुढे जातींची यादी सोडून दिली.

आता तुमचा व्यवहारी प्रश्न. बंदी घातली, तर चावे कमी होतात का?

यात एक अभ्यास बंदीच्या बाजूने आहे आणि तो मी आधी सांगते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात ज्या भागांनी पिटबुलवर निर्बंध आणले, तिथे कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण वर्षाला दर लाखामागे ३.४७ वरून २.८४ वर आलं. १९८४ ते २००६ मधल्या नोंदी आहेत. घट आहे, नाकारता येत नाही. तिच्या समोर डेन्मार्क ठेवा. तिथे २०१० मध्ये १३ जातींवर बंदी आली, आणि ओडन्स शहरातल्या रुग्णालयाच्या नोंदी तपासल्यावर चाव्यांवर परिणाम आढळला नाही. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलबंदी आणली आणि १५ वर्षांनी, चावे काही कमी झाले नाहीत हे पाहून ती मागे घ्यायचं ठरवलं. इटलीने २००३ मध्ये नव्वदहून अधिक जातींची यादी केली, पुढे ती आखूड केली आणि २००९ मध्ये रद्द करून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला. अमेरिकेत डेन्व्हर शहराची १९८९ पासूनची बंदी नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी उठवून तिथे परवान्याची पद्धत आणली. आणि इंग्लंडमध्ये? बंदीला सात वर्षं झालेली असताना, १९९८ मध्ये, दर लाख लोकसंख्येमागे साधारण ६ जण कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होत होते. २०१८ मध्ये ते साधारण १५ झाले. यादी होती, पोलीस होते, मोजपट्टी होती, कुत्री मारलीही जात होती.

इंग्लंडमध्ये पुढे जे झालं त्यातून मला यादीचा खरा दोष दिसतो. पिटबुल मिळेना, तेव्हा 'दरारा बसवणारा' कुत्रा हवा असलेल्या गिऱ्हाइकाने दुसरं काही शोधलं. अमेरिकन बुलीची थोराड आवृत्ती, म्हणजे तोच एक्सएल बुली, यादीत नव्हती, म्हणून कायदेशीर होती. मागणी होती, पिल्लांना पैसे मिळत होते, आणि काहीजणांनी स्वभाव न बघता आकारासाठी मोजक्या नरांच्या वंशातच पैदास वाढवली. माणसं मेली, तेव्हा सरकारने तेही नाव यादीत घातलं. ३१ डिसेंबर २०२३ पासून विक्री आणि पैदास बंद, १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय बाळगणं गुन्हा. मृत्यू झालेल्या घरांचं दुःख पाहता सरकारने काहीतरी करणं भागच होतं, हे मी समजू शकते. पण जातीचं नाव दारातून बाहेर काढलं की गिऱ्हाईक पुढचं नाव घेऊन खिडकीतून आत येतं. जो माणूस कुत्रा दहशतीसाठी पाळतो, त्याला यादी अडवत नाही. ती अडवते ती कागदपत्रं नीट ठेवणाऱ्याला.

भारतातही १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुपालन विभागाने २३ जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवण्याबद्दल राज्यांना पत्र लिहिलं. त्यात झुंजीची कुत्री आणि कांगलसारखी मेंढपाळांची राखणदार कुत्री एकाच रांगेत बसवली होती. एप्रिलमध्येच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. संबंधितांचं म्हणणं नीट न ऐकता निर्णय घेतला, हा मुख्य आक्षेप होता.

इथपर्यंतची चर्चा कोणीही आकडे चाळून करू शकेल. मला खरं सांगायचंय ते माझ्या टेबलावरचं आहे.

सहा वर्षांचा मुलगा, उजव्या गालावर चौथ्या पायरीचा चावा. कुत्रा घरचाच, पिवळा लॅब्राडोर, पाच वर्षांचा नर. जगातल्या कुठल्याच यादीत नसलेली जात. वडील म्हणाले, "डॉक्टर, अचानक चावला हो. आजवर कधी काही नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी एक कोरा कागद पुढे ओढते आणि विचारत जाते. गेल्या वर्षभरात तो कधी गुरगुरला? आधी नाही म्हणाले. मग आई म्हणाली, जेवणाच्या भांड्याजवळ गेलं की गुरगुरायचा, पण ते बंद झालं. कसं बंद झालं? वडिलांनी प्रत्येक वेळी थोबाडीत मारली. कधी बंद झालं? चार महिन्यांपूर्वी. मग हळूहळू बाकीचं निघालं. मुलगा गळ्यात पडला की तो मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवायचा, त्याचे घरच्यांनी फोटो काढले होते, 'लाजतो' म्हणून. पाहुण्यांच्या मुलीवर एकदा दात आपटले होते, लागले नाहीत म्हणून कोणाला सांगितलं नाही. सोफ्याखालून बाहेर ओढताना आजोबांच्या मनगटावर दात टेकले होते, कातडी फुटली नव्हती. अलीकडे डोकं एका बाजूला धरायचा. मी कागदावर अकरा नोंदी लिहिल्या.

मग त्याच्या मुसक्याच्या पट्ट्यांवरून हात नेत डावा कान उचलला. आत काळा, चिकट मळ, आणि तो आंबूस वास, जो एकदा ओळखीचा झाला की खोलीत शिरतानाच येतो. बोट कानाच्या मुळाशी टेकताच त्याचं सगळं अंग लाकडासारखं झालं. तोंड मिटलं, शेपूट थांबली. गुरगुर नाही. ती त्याच्याकडून काढून घेतली होती. चावला त्या संध्याकाळी मुलाने त्याला मिठी मारून गाल नेमका त्याच कानावर टेकला होता.

त्या कुत्र्याने वर्षभर सांगितलं. आधी डोळ्यांनी, मग घशाने, मग हवेतल्या दातांनी, मग न फोडलेल्या कातडीने. पायऱ्या एकेक करून चढला. यादी करणारा कायदा त्या वर्षभरात त्या घरात कुठेच नव्हता, कारण जात 'चांगली' होती. आणि जात 'वाईट' असती तर त्याच कायद्याने त्याला पहिल्या दिवशीच उचललं असतं, कान ठणठणीत आणि स्वभाव लोण्यासारखा असता तरी.

जीवघेण्या हल्ल्यांतही हेच दिसतं. अमेरिकेतल्या २००० ते २००९ या काळातल्या २५६ मृत्यूंचा तपास अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. ८७ टक्के घटनांत मधे पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८५ टक्क्यांत बळी पडलेल्या व्यक्तीची त्या कुत्र्याशी नीट ओळख नव्हती. ८४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्क्यांत कुत्रा माणसांच्या रोजच्या सहवासापासून तोडून, साखळीला, पिंजऱ्यात किंवा मागच्या आवारात ठेवलेला होता. सुमारे ३८ टक्क्यांत मालकाच्या बेफिकिरीचा पूर्वेतिहास होता. पाचांपैकी चार घटनांत अशा चार किंवा जास्त गोष्टी एकत्र आल्या होत्या. जात खात्रीने सांगता आली ती फक्त ४५ घटनांत. या टक्केवारीने एकेक कारण सिद्ध होत नाही, त्यासाठी न चावणाऱ्या कुत्र्यांशी तुलना हवी. पण यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी दिसते, शेजाऱ्याला दिसते आणि कायद्याला हात घालता येईल अशी असते. कातडीखालचं रक्त तसं दिसत नाही.

म्हणून मला कडक कायदा हवा आहे. सध्या बहुतेक ठिकाणी आहे त्यापेक्षा कितीतरी कडक, फक्त वागणुकीवर आधारलेला. प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप आणि नोंदणी. प्रत्येक चाव्याची एकाच ठिकाणी नोंद, टाके पडले नाहीत तरीही, कारण आज तिसऱ्या पायरीचा चावा एका दवाखान्यात जातो, पुढचा दुसऱ्या, आणि दोन कागद कधी एकमेकांना भेटत नाहीत. कुत्रा कुणाच्या अंगावर धावून गेला अशी पहिली खात्रीलायक तक्रार आली, की मालकाला लेखी नोटीस आणि ठरावीक मुदतीत तज्ज्ञाकडून तपासणी. दुसरीला घराबाहेर मुसकं, आखूड पट्टा, आवाराला कुंपण, आणि हे पाळलं जातंय का ते बघायला न सांगता भेट. त्यापुढे कुत्रा काढून घेण्याचा अधिकार. आणि ज्याच्या हातून दोनदा असं झालं त्या माणसाला कुत्रा पाळायला मनाई, जात कुठलीही असो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून खासगी जागेत, म्हणजे स्वतःच्या घरातही, कुत्रा बेकाबू असणं गुन्हा आहे. हे कलम मला मनापासून पटतं, कारण मुलांना चावणारी बहुतेक कुत्री घरातली किंवा ओळखीची असतात. कॅनडात कॅलगरी शहराने जातीबंदी नाकारून परवाना, भरीव दंड आणि उपद्रवी कुत्र्यांवर लक्ष हा मार्ग धरला. त्यासाठी माणसं नेमावी लागतात, पैसा लागतो. यादी छापायला काहीच लागत नाही, म्हणून ती सगळ्यांना आवडते.

ताकदीचा मुद्दा मी सोडलेला नाही. पन्नास किलोचा कुत्रा दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन फिरायला पाठवणं बेकायदा असावं. मोठ्या कुत्र्याच्या मालकाकडे नुकसानभरपाईचा विमा असावा, आणि कुत्र्याला आवरता येतं हे त्याने एकदा दाखवावं. पैदास करणाऱ्यांवर तर खूपच जास्त नजर हवी. माणसांवर धावून जाणाऱ्या मादीची पिल्लं विकणं, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडणं, तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा माणसं ओळखण्याचा काळ अंधाऱ्या खोलीत घालवणं, यातून पुढची प्रकरणं माझ्याकडे येतात.

आता तुमचा शेजारी. कागदावर सही करण्याऐवजी समितीकडे एवढं मागा: इमारतीतल्या सगळ्या कुत्र्यांची नोंद, जिन्यात आणि लिफ्टमध्ये आखूड पट्टा, धरणारा माणूस प्रौढ, आणि एक तक्रारवही, जिच्यात गुरगुरणं, झेप घेणं, दात लागणं हे सगळं तारखेसह लिहिलं जाईल. पॉमेरेनियनच्या मालकालाही तेच नियम.

मग शेजाऱ्यांकडे जा, एकटे, मुलीला न घेता. पिल्लू किती आठवड्यांचं आणलं, आईला पाहिलं होतं का, कुत्रा घरात माणसांत राहतो की गच्चीत बांधलेला, मुसक्याची सवय लावली आहे का, हे विचारा. मुसकं म्हणताच त्यांना राग आला तर सांगा की टोपलीसारख्या मुसक्यात कुत्रा धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, आणि पिल्लूपणी खाऊ देत सवय लावली तर त्याला ते पट्ट्याइतकंच वाटतं. जो मालक या प्रश्नांची उत्तरं शांतपणे देतो, त्याच्या रॉटवायलरपेक्षा मला 'आमचा काही करत नाही हो' म्हणणाऱ्याचा लॅब्राडोर जास्त काळजीचा वाटतो. उत्तरं टाळली, कुत्रा दिवसभर बांधलेला दिसला, किंवा दार उघडताच तो ताठ होऊन एकटक बघत राहिला, तर वहीत पहिली नोंद तुम्हीच करा आणि तपासणीचा आग्रह धरा.

मुलीला तीन गोष्टी शिकवा. कुठलाही कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. आणि मिठी मारायची नाही, घरच्या कुत्र्यालाही नाही. कधी दात लागलेच, तर जखम लहान असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रेबीजच्या बाबतीत उद्यावर ढकलू नका.

आणि शेजाऱ्यांचा रॉटवायलर तुमच्या मुलीकडे बघून कधी गुरगुरला, तर तिला सावकाश मागे घ्या, शेजाऱ्यांना सांगा, वहीत लिहा. पण त्या गुरगुरण्याबद्दल त्याला मारू देऊ नका.